गृहशास्त्र : कांचपेटींतील मासे कां मरतात ?

ज्या घरांत मासळी कधीं शिजत नाहीं, त्याच घराच्या दिवाणखान्यांत मासे लाडानें पोसले जावेत यांत थोडी मौज आहे खरी. पण मुंबईच्या उपनगरांत हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, कांचपेटी बाळगणारीं कुटुंबें पुष्कळ, आणि बहुतेकांचा अनुभव एकच. हौसेनें आणलेले मासे आठ-दहा दिवस सुखानें पोहतात. मग एके सकाळीं एक उलटा तरंगतांना आढळतो, दुसऱ्या दिवशीं आणखी दोन. पाणी आरशासारखें निर्मळ, खाणें वेळच्या वेळीं, मग झालें काय? अशा वेळीं घरांतील कोणी वडील माणूस हटकून सांगतें कीं, घरावरचें संकट माशानें आपल्या अंगावर घेतलें. मुलांचें तेवढ्यानें समाधान होतें, मेलेल्याच्या जागीं नवा मासा येतो, आणि तोही त्याच वाटेनें जातो. या समजुतीविरुद्ध आमची तक्रार एवढीच कीं, ती चौकशीचें दारच लावून घेते.

चौकशी करावयाची तर मासा कसा मेला याआधीं केव्हां मेला हें पाहावें. पाणी बदलल्यापासून कांहीं तासांच्या आंत सगळेच गेले, तर विष बाहेरून आलें असें समजण्यास हरकत नाहीं. तानसा, वैतरणा, भातसा इत्यादि तलावांचें पाणी क्लोरीन घालूनच शहरांत सोडतात. भारतीय मानकाप्रमाणें नळापाशीं दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. आपल्याला तो पथ्यकर, कल्ल्यांच्या नाजूक त्वचेला मात्र जाळणारा. त्यांतून सोसायटीची गच्चीवरील टाकी ज्या दिवशीं ब्लीचिंग पावडरनें धुतात, त्या दिवशीं हें प्रमाण किती चढेल याचा नेम नाहीं. म्हणून पाणी बदलण्यापूर्वीं जिन्याखालचा सूचनाफलक वाचावा, आणि पाणी चोवीस तास उघड्या बादलींत ठेवून मगच पेटींत घालावें. दुसरें विष डांसांच्या औषधांतलें. त्यांतील पायरेथ्रॉइड जातीचीं द्रव्यें माणसाला सोसतात, माशाला अत्यल्प प्रमाणांतही सोसत नाहींत. आणि पेटीचा हवेचा पंप तर खोलींतली हवाच ओढून पाण्यांत सोडीत असतो! फवारणीच्या वेळीं पंप थोडा वेळ बंद ठेवून पेटी झांकावी, आणि खोली मोकळी झाल्यावर तो पुन्हां चालू करावा.

मासे पहाटे पृष्ठभागीं येऊन धापा टाकीत असतील तर प्राणवायु कमी पडतो आहे. २० अंश उष्णतेच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांवर साडेसातच. गोल्डफिश हा मूळचा थंड पाण्यांतला मासा, त्याला आमचा मे महिना जड जातो. त्यांत लहान मुलें, आजोबा आणि पाहुणे असे तिघेही खाणें टाकतात. उरलेलें तळाशीं कुजतें, आणि कुजविणारे जंतु होता तो प्राणवायु संपवितात. याचें मोठें उदाहरण वाळकेश्वरच्या बाणगंगेंत दिसतें. पितृपक्षांत सोडलेले पिंड व अन्न पाण्यांत कुजून तळ्यांतले मासे मेल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळां आल्या आहेत. तेथें श्रद्धा, येथें माया. पाण्यांत घडतें तें एकच.

पण खरा गोंधळ होतो तो मासे एकेक करून, चार-दोन दिवसांच्या अंतरानें मरतात तेव्हां. मुलुंडच्या एका परिचित कुटुंबांत असेंच चाललें होतें, आणि आळ कामाच्या बाईवर आला होता. पेटी पुसतांना तिच्या फडक्याचा साबण पाण्यांत पडला असावा, असा घरच्या मंडळींचा तर्क. ती बिचारी शपथेवर नाहीं म्हणे. तिला काढून टाकण्यापर्यंत गोष्ट आली. तेव्हां दिनदर्शिकेवर तारखा मांडून पाहिल्या. मासे मेले ते मंगळवारीं, बुधवारीं, गुरुवारीं. सोमवारीं एकही नाहीं. बाई तर रोज येई. रविवारीं मात्र घरचे सगळे मिळून पेटी रिकामी करीत, वाळू गरम पाण्यानें धूत, पंपाचा स्पंज नळाखालीं पांढरा होईपर्यंत पिळीत, आणि आदल्या दिवशीं भरून ठेवलेलें पाणी घालीत. साबणाचा संबंधच नव्हता. मासे मरत होते ते या स्वच्छतेनें.

त्याचें कारण असें. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो त्याचा त्यालाच विषारी असतो. जुन्या पेटींत वाळूवर, कांचेवर व विशेषतः स्पंजांत अदृश्य जंतूंची वस्ती असते. त्यांतील एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचें बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. ही वस्ती नव्या पेटींत बसावयास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्या महिन्यांत दोन-तीनच मासे ठेवावे. आणि जो दर रविवारीं वस्ती धुवून टाकतो, त्याची पेटी कायमची नवीच राहते. आमच्या सोवळ्याच्या संस्काराला हें पटणें कठीण, पण माशाचें घर थोडें मळकट असावें लागतें. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावें, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यांतच हलकेच खळबळून घ्यावा. नायट्राइट वाढल्याची शंका असल्यास दहा लिटरला लहान चमचाभर मीठ घालावें. त्यांतील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आंत शिरण्यास अडथळा करतें.

एक प्रकार खास उन्हाळ्याअखेरचा. आमच्या तलावांचें पाणी मृदु. जुन्या पेटींत तें हळूहळू आम्ल होतें, आणि आम्ल पाण्यांत सांचलेला अमोनिया बहुतांशीं निर्विष रूपांत असतो. पाणीकपात आली, टँकरचें किंवा कूपनलिकेचें जड, क्षारयुक्त पाणी पेटींत पडलें, कीं तोच अमोनिया एकाएकीं विषारी बनतो. ३० अंशांच्या पाण्यांत पीएच ७ असतांना त्याचा विषारी भाग शंभरांत एकाहूनही कमी असतो. पीएच ८ झाला कीं तो सात-आठ होतो. मालक म्हणतो, ताजें पाणी घातलें आणि मासे मेले! टँकर येईल त्या आठवड्यांत पाणी तांब्या-तांब्यानेंच बदलावें. अमोनिया व पीएच तपासण्याचीं औषधें माशांच्या दुकानांत मिळतात. नवा मासा घेण्याआधीं तीं घ्यावींत.

मुलुंडच्या त्या घरीं पेटी अजून आहे, आणि ती पुसण्याचें काम त्याच बाईकडे. अंगावर पांढरे ठिपके येणें, पर झडणें वगैरे रोगांविषयीं पुढील अंकीं लिहूं.