कानांसाठी पाच हजार येन



मागील महिन्यात एका भगिनीचा दूरध्वनी आला. पती माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात कंत्राटी नोकरीत, स्वतः अवलंबितांच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसाला घातलेल्या आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत एका सुपरमार्केटमध्ये काम. त्यांचा प्रश्न साधा होता. "दादा, मुलगा अकरा वर्षांचा झाला. रविवारचा मराठीचा वर्ग आहे, शाळेचा टॅबलेट आहे, आजीशी बोलणे आहे. घराच्या भिंती पातळ, शेजारचे खोकले तरी ऐकू येते. चांगला हेडफोन घ्यावयाचा आहे, परंतु पाच हजार येनच्या पुढे मला जाता येणार नाही."

पाच हजार येन ही रक्कम लहान वाटेल. टोकियोतील किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. म्हणजे या भगिनीला एका हेडफोनसाठी चार तासांहून अधिक काळ उभे राहून काम करावे लागते. अशा पैशाला योग्य वस्तू मिळालीच पाहिजे. त्यांना दूरध्वनीवर दिलेले उत्तर अपुरे वाटले, म्हणून आजचा लेख.

प्रथम एक घरगुती गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत सूतकताईच्या, म्हणजे गिरणीच्या भाषेत त्रासन खात्यात होते. विणाई खात्यात पगार अधिक असे. पण धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढावे लागते, या सबबीवर आपल्या माणसांना तिथे प्रवेश नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे मांडली होती. वडिलांच्या काळापर्यंत बंदी सैल झाली होती, पण आजोबांची ओळख त्याच खात्यातली, म्हणून वडीलही तिथेच लागले. चात्यांच्या अखंड घरघरीत त्यांनी १९८२ च्या संपापर्यंतची वर्षे काढली. कानात कापसाच्या बोळ्यापलीकडे काही नव्हते. पुढे मी टोकियोहून घरी बोलू लागलो, तेव्हा ते म्हणत, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत."

या वाक्याचा शास्त्रीय अर्थ मला फार उशिरा कळला. मोठ्या आवाजाने होणारे बहिरेपण बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होते. 'स', 'श', 'थ', 'फ' ही व्यंजने ज्या पट्ट्यात ओळखली जातात, तोच आधी झिजतो. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. वडिलांना तो आवाज पोटासाठी सोसावा लागला. आपली मुले तोच आवाज हौसेने, स्वतःच्या पैशाने कानात घालून घेत आहेत. म्हणून हेडफोन निवडताना संगीताच्या आधी कानांचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक सोपे माप दिले आहे. प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर आवाज ८० डेसिबलच्या आत हवा. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. प्रौढाने ८३ डेसिबलवर ऐकले तर २० तास, ८६ वर १० तास. बाजारात 'मुलांसाठी सुरक्षित' म्हणून मिळणारे अनेक हेडफोन ८५ डेसिबलवर आवाज रोखतात. मुलांच्या मर्यादेने हिशेब केला तर त्या पातळीवर आठवड्याला जेमतेम चार तास मिळतात. तेव्हा खोक्यावरील तो शब्द वाचून निर्धास्त होऊ नये.

आता निवडीकडे वळू.

भुयारी रेल्वेतील खडखडाटात आपण गाण्याचा आवाज वाढवतो तो गाणे आवडते म्हणून नव्हे. बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी वाढवतो. जो हेडफोन बाहेरचा आवाज चांगला अडवतो, तो कमी आवाजात समाधान देतो. म्हणून पहिली कसोटी अडवणुकीची. प्रवासासाठी कानाच्या आत बसणारा रबरी टोपीचा इअरफोन किंवा मागून बंद असलेला हेडफोन घ्यावा. मागून उघडा, जाळीचा हेडफोन घरी उत्तम वाटतो, पण आवाज आत-बाहेर सारखाच जातो. गाडीत शेजाऱ्याला आपले गाणे ऐकू जाणे, ज्याला इथे 'ओतोमोरे' म्हणतात, हे असभ्य मानले जाते.

इअरफोनसोबत लहानमोठ्या टोप्या मिळतात. बहुतेक लोक आधीच लावलेली मधली टोपी तशीच वापरतात आणि मग 'याला ढोलकीचा घुमाराच नाही' अशी तक्रार करतात. दोष बहुधा इअरफोनचा नसतो, फटीचा असतो. टोपी नीट बसली की स्वतःचे बोलणे घागरीत बोलल्यासारखे घुमते. ही खूण लक्षात ठेवावी. स्त्रियांच्या व मुलांच्या कानांना बहुधा लहान टोपी लागते, आणि कित्येकांच्या दोन कानांना दोन वेगळी मापे लागतात.

दुसरी कसोटी ऐकून पाहण्याची. या बाबतीत जपानसारखा देश नाही. अकिहाबारातील 'ई-इयरफोन' या दुकानात हजारो नमुने स्वतःच्या फोनला जोडून ऐकता येतात. ओसाकाच्या निप्पोम्बाशी व नागोयाच्या ओसू भागातही त्याची दुकाने आहेत. योदोबाशी कॅमेरासारख्या मोठ्या दुकानांतही नमुने मांडलेले असतात. या प्रथेला 'शिचो' म्हणतात. तासभर ऐकून काहीही न घेता बाहेर पडलात तरी कोणी भुवई उंचावत नाही. संकोच करू नका. घरी आणल्यावर नापसंत पडले म्हणून वस्तू परत घेण्याची कायदेशीर सक्ती मात्र दुकानावर नसते, आणि कानात घालायची वस्तू तर सहसा परत घेतलीच जात नाही. म्हणून ऐकणे आधी, पैसे नंतर.

ऐकावे काय? दुकानातील चकचकीत गाण्यावर निर्णय घेऊ नका. त्यावर सगळेच हेडफोन छान वाटतात. फोनमध्ये स्वतःच्या तीन गोष्टी घेऊन जा. पहिली, बाबासाहेबांची १९५५ साली बीबीसीने घेतलेली मुलाखत. जुने, खरखरीचे ध्वनिमुद्रण आहे. ज्या हेडफोनवर त्यातील शब्द न् शब्द न ताणता कळतो, त्याचा मधला पट्टा स्वच्छ आहे असे समजावे. दुसरी, विठ्ठल उमपांचे एखादे गीत. चढलेला आवाज टोचू लागला तर वरचा पट्टा भडक आहे. हलगीची थाप सुटी, कोरडी ऐकू आली पाहिजे आणि ढोलकीच्या घुमाऱ्याखाली गायकाचे शब्द बुडता कामा नयेत. तिसरी, घरातील कोणाचा तरी आवाजी निरोप. आईचा आवाज आईसारखा वाटतो का, हे सांगायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

खोक्यावरील आकड्यांनी दिपून जाऊ नये. 'हाय-रेझ'चे सोनेरी चिन्ह असलेली वस्तू ४० हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते असा त्याचा अर्थ. तरुण, निरोगी कानाची मर्यादा सुमारे २० हजारांची असते आणि वयानुसार ती खाली येते. पडद्याचा व्यास किती मिलिमीटर, यावरूनही गुणवत्ता कळत नाही.

तिसरा प्रश्न तार असावी की नसावी. आपल्या मर्यादेत माझे मत तारेच्या बाजूने आहे. बिनतारी वस्तूच्या किमतीत बॅटरी, चार्जिंगची डबी, रेडिओ या साऱ्यांचा वाटा असतो. तारेच्या वस्तूत तो पैसा आवाजाला मिळतो. बॅटरी काही वर्षांत थकते आणि बहुतेक लहान इअरबड्समध्ये ती बदलता येत नाही. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू झाला की अनेक उपकरणांत आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. एरवी गोड वाजणारा हेडफोन ऑनलाइन वर्गात डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. मराठीचे 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार मुलाला त्या डब्यातून कसे कळावेत? फोनला गोल छिद्र नसेल तर लहानसा जोड स्वस्तात मिळतो.

गोंगाट रद्द करणारे हेडफोन गाडीच्या वा विमानाच्या सलग घरघरीवर चांगले काम करतात, माणसांच्या बोलण्यावर कमी. रोज दीड-दोन तास रेल्वेत जाणाऱ्यांनी त्यासाठी थोडे अधिक पैसे टाकले तर ते वाया जात नाहीत, कारण आवाज कमी ठेवता येतो.

काही ठोस नावे सांगतो. किमती दुकानागणिक बदलतात. अंदाज म्हणून घ्याव्यात. कावासाकीच्या 'फायनल' कंपनीचा ई५०० सुमारे दोन हजार येनला आणि ई१००० अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. मायक्रोफोन हवा असेल तर ई१०००सी पाहावा. माझ्या मते पाच हजारांच्या आत याहून प्रामाणिक आवाज क्वचितच मिळेल. डोक्यावरून घ्यायचा बंद हेडफोन हवा आणि सात-आठ हजारांची तयारी असेल, तर १९६२ साली टोकियोत सुरू झालेल्या ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स टिकाऊ आहे. बिनतारीच हवा असेल तर साधारण त्याच किमतीत सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० हलका असून एका चार्जवर ५० तासांपर्यंत चालतो. गाण्या-वाजवण्याचे काम करणाऱ्यांनी सोनीचा एमडीआर-सीडी९००एसटी ऐकून पाहावा. १९८९ पासून जपानी ध्वनिमुद्रण कक्षांत तो ठाण मांडून आहे, आणि त्याच्या गाद्यांपासून पडद्यापर्यंत सुटे भाग मिळतात. पण त्याची किंमत आजच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते.

मर्यादा ताणायची असेल तर जुन्या वस्तूंकडे वळावे. १९९३ साली निगाताहून सुरू झालेल्या 'हार्ड ऑफ'च्या दुकानांत तपासलेल्या वस्तू हमीसह मिळतात. 'जंक' लिहिलेल्या टोपलीतील वस्तूला मात्र कसलीही हमी नसते. जुना हेडफोन घेताना दोन्ही बाजू वाजतात का आणि प्लगपाशी तार हलवल्यावर आवाज तुटतो का, हे पाहावे. गाद्या झिजल्या असतील तर नव्या गाद्यांची किंमत धरूनच भाव ठरवावा. नव्या वस्तूच्या किमतीतील 'झेइकोमी' म्हणजे करासह. दहा टक्के उपभोग कर तीत धरलेला असतो.

दोन इशारे कायद्याचे. भारतातून भेट म्हणून आलेला किंवा परदेशी संकेतस्थळावरून मागवलेला ब्लूटूथ हेडफोन इथे वापरण्यापूर्वी त्यावर 'गितेकी' चिन्ह आहे का ते पाहावे. ते नसलेले रेडिओ-उपकरण इथल्या रहिवाशाने वापरणे रेडिओ कायद्यात बसत नाही. दुसरा सायकलचा. आजूबाजूचे ऐकू येणार नाही अशा रीतीने इअरफोन लावून सायकल चालवणे हा नियमभंग आहे, आणि सोळा वर्षांवरील सायकलस्वारांना १ एप्रिल २०२६ पासून निळ्या चिठ्ठीची दंडपद्धती लागू आहे. दंडापेक्षा मागून येणारा ट्रक महत्त्वाचा, हे मुलांना सांगावे.

खरेदीनंतर घरी आल्यावर पहिले काम फोनमधील आवाजाची मर्यादा घालण्याचे. आयफोनमध्ये हेडफोन सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डेसिबलचा आकडा ठरवता येतो. तो ७५ वर ठेवा. इतर फोनांतही बहुधा तशी सोय असते. मूल कुरकुरेल. मी माझ्या मुलीला तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने आकडा स्वतःच लावला.

त्या भगिनी मुलाला घेऊन अकिहाबाराला गेल्या. दीड तास ऐकून त्यांनी मायक्रोफोनचा साधा इअरफोन आणि एक जोड घेतला, आणि पाच हजारांतून पैसे उरले. परवा त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. त्यांच्या वडिलांच्या गायन पार्टीची एक जुनी कॅसेट भावाने फोनवर उतरवून पाठवली होती. फोनच्या कर्ण्यावर त्यात फक्त पेटी आणि ढोलकी ऐकू येई. इअरफोन लावून मुलगा ऐकत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आई, मागे कोरसमध्ये एक बाई गातेय." त्यांनी कानाला लावून पाहिले. ती त्यांची आई होती. आईने कधी गायल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते.

तुमच्या घरी, गावी, अशा कॅसेट असतील तर फेकू नका. त्या फोनवर कशा उतरवाव्यात, हे पुढील अंकात.