निवड यादीत नाव आहे, हातात पत्र नाही

नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची २०२५-२६ ची निवड जुलैमध्ये जाहीर झाली. एकूण अर्ज ४४० होते. २७० फेटाळले गेले, ६४ जणांची निवड झाली नाही आणि १०६ जण निवडले गेले. मात्र तात्पुरते मंजुरीपत्र मिळाले फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तरच पत्र मिळेल, असे सांगण्यात आले. योजनेत जागा १२५ आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी.

निधीचा हा प्रश्न दिल्लीत फाइलीवरचा एक शेरा असेल. विद्यार्थ्यासाठी ते अख्खे वर्ष आहे. ब्रिटनमधली बहुतेक सत्रे सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते, नाहीतर सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, ही अट सरकारचीच. मग त्या घराने ही रक्कम आणायची कुठून? सत्र सुरू झाल्यावर आलेल्या पत्राचा उपयोग काय?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे ६६ जण कुठेही कमी पडलेले नाहीत. कमी पडली ती तरतूद. जाहिरात काढण्याआधी जेवढ्या जागा तेवढा निधी मंजूर असलाच पाहिजे.

पण लढा चालू असताना वर्ष हातचे जाऊ देऊ नका. विद्यापीठाला आजच लेखी कळवा आणि प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, भरलेली अनामत टिकते का, हे विचारा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, चेव्हनिंग, कॉमनवेल्थ यांच्या अटी आणि तारखा पाहून ठेवा. घाईघाईने घर-शेत गहाण टाकू नका. अर्ज फेटाळला असेल तर माहिती अधिकारात कारण मागा. चूक कागदाची असेल तर पुढच्या वर्षी ती टाळता येते. आपल्या संघटनांनीही पोर्टल उघडण्याआधी कागदपत्रे तपासणारी शिबिरे घ्यावीत.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेऊन. पुढे प्रबंधही दुरुस्तीसाठी परत आला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. हा इतिहास आम्ही मुलांना "सहन करा" म्हणून सांगत नाही. त्या वाटेवर मदतीचे हात होते, हे समाजाने लक्षात ठेवावे म्हणून सांगतो. आपल्या वस्तीत त्या ६६ पैकी कुणी असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.

जय भीम.