व्हिसा सहा महिन्यांचा, हवा अर्ध्या तासाची



आपल्या हॉस्टेलात शेवटचं वर्ष आलं की कसली ना कसली साथ येतेच. कधी जीआरईची, कधी एमपीएससीची, कधी बुलेटवरून लडाखची. यंदाची साथ समुद्राची आहे. आठवी सेमिस्टर संपली की थायलंड नाहीतर बाली गाठायचं, लांब मुदतीचा व्हिसा काढायचा आणि चार-सहा महिने नुसतं स्कूबा डायव्हिंग करायचं! पैसे संपले तर तिथल्याच एखाद्या डाईव्ह शॉपमध्ये 'इंटर्नशिप' करायची, म्हणजे कोर्स फुकटात पदरी पडतो. मेसमध्ये सध्या भाजीपेक्षा हा बेतच जास्त शिजतोय.

या बेताला माझा विरोध नाही. उलट सहा महिने हा आकडा मला बरोबरच वाटतो. माझं म्हणणं एवढंच की, व्हिसावर जे कारण लिहिलंय तेच तिथे जाऊन करा, आणि पाण्याखालचा पहिला श्वास घ्यायला परदेशात जाऊ नका.

आधी सहा महिने का, ते सांगते. आपल्यापैकी बरेच जण मालवणला जाऊन 'स्कूबा केलं' म्हणतात. म्हणजे काय, तर गाईडने मागून धरलं, दहा-पंधरा मिनिटं खाली नेलं, माशांबरोबर फोटो काढला आणि वर आणलं. मजा आहे, पण ते डायव्हिंग नव्हे. पॅडी या संस्थेचा 'ओपन वॉटर' कोर्स केला की समुद्रातल्या चार डाईव्हनंतर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. 'ॲडव्हान्स्ड'च्या आणखी पाच डाईव्ह केल्या की ३० मीटर. 'डाईव्हमास्टर'चा कोर्स सुरू करायला नोंदवलेल्या ४० डाईव्ह लागतात आणि तो पुरा व्हायला ६०. हे काम आठवड्याभराच्या पॅकेज टूरमध्ये बसत नाही.

आता थोडं गणित, कारण शेवटी आपण इंजिनिअरिंगवाले! टाकी १२ लिटरची, दाब २०० बार. म्हणजे साधारण २,४०० लिटर हवा. शांत माणसाला मिनिटाला २० लिटर लागतात असं धरलं, तर पृष्ठभागावर ही हवा दोन तास पुरेल. पण २० मीटर खाली दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते. राहिली ४० मिनिटं. त्यातले ५० बार वर येण्यासाठी राखून ठेवायचे. उरला अर्धा तास. आणि नवखा माणूस घाबरून धापा टाकतो, त्याची टाकी त्याहूनही लवकर रिकामी होते. शांतपणे श्वास घेणं पुस्तकात वाचून जमत नाही, त्याला डाईव्हमागून डाईव्ह कराव्या लागतात. म्हणून म्हणते, लांब मुक्कामाची कल्पना चांगलीच आहे.

दुसरं गणित नायट्रोजनचं. (कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझी जीभ 'नत्र' म्हणायला वळत नाही!) हेन्रीचा नियम आपण पहिल्या वर्षाला घोकलाय. दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो. तसाच रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि दाब एकदम कमी झाला तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणून सलग काही दिवस डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. अर्थात, व्हिसाचा शेवटचा दिवस हा डाईव्हचा दिवस नसतो. 'अजून एक डाईव्ह' करत जो राहतो त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात, जिवाशी खेळा नाहीतर कायद्याशी.

आणि कायदा काय म्हणतो? थायलंडने जुलै २०२४ मध्ये 'डीटीव्ही' नावाचा व्हिसा सुरू केला. मुदत पाच वर्षांची आणि एका वेळी १८० दिवस राहायची सोय. ऐकायला झकास. पण सुरुवातीपासून त्याची अट अशी की वय किमान २० हवं आणि खात्यात ५ लाख बाट दाखवायला हवेत. म्हणजे आपले बारा लाखांच्या वर! आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मीरा रोडच्या नाहीतर गावाकडच्या घराचा ईएमआय चालू आहे, बारा लाख नुसते पडून नाहीत. मग उपाय निघतो की काकांकडून, मामाकडून पैसे फिरवायचे, स्टेटमेंट फुगवायचं आणि शिक्का बसला की परत करायचे. याला आपल्याकडे 'जुगाड' असं लाडाचं नाव आहे. अर्जावर सही मात्र काकांची नसते, आपली असते.

'फुकट इंटर्नशिप'चंही तेच. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाने टाक्या भरायच्या, बोटीवर सामान चढवायचं, गिऱ्हाइकांना पाण्यात न्यायचं, हे सगळं कामच आहे. पगार घेतला नाही म्हणजे काम झालं नाही, ही पळवाट इमिग्रेशनवाल्यांपुढे चालत नाही. कामासाठी वर्क परमिट लागतं. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,००० बाटपर्यंत. नव्वद दिवसांच्या वर गेलात तर स्वतःहून हजर झालात तरी वर्षभर प्रवेशबंदी. सीमेपलीकडे एक चक्कर मारून पुन्हा नवा शिक्का घ्यायचा, हाही सल्ला कॉरिडॉरमध्ये फुकट मिळतो. पण दर वेळी आत घेतलंच पाहिजे, असं तिथल्या अधिकाऱ्यावर बंधन नसतं.

"पण सगळेच करतात, कोण विचारतंय?" असं कोणी म्हणेल. विचारणारे पुढे भेटतात! आपल्यातले निम्मे एमएसची स्वप्नं बघतायत. इंग्लंडच्या, कॅनडाच्या व्हिसा अर्जात सरळ विचारतात की, कुठल्या देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला होता का, बाहेर काढलं होतं का? तिथे 'हो' लिहिलं तर खुलासा द्यावा लागतो, 'नाही' लिहिलं तर खोटं. बाविसाव्या वर्षीची गंमत तिशीपर्यंत पाठ सोडत नाही.

जरा आपल्या शेजारी बघा. भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला गेलात की बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात, वास तर त्याच्याही आधी येतो. लातूर-नांदेडहून आलेल्या आपल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा इथेच पाहिलाय. ज्यांचं पोट या समुद्रावर आहे ते मासेमार बोटीचे कागद आणि ओळखपत्र घेऊनच बाहेर पडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे बंद. पोटासाठी समुद्रात जाणारा माणूस कागद आणि कॅलेंडर पाळतो, आणि आपण हौसेसाठी जाणारे म्हणतो, कोण विचारतंय!

उत्तनला डायव्हिंग जमणार नाही हे खरं. वसईच्या खाडीच्या गाळाने पाणी गढूळ असतं, खाली स्वतःचा हात दिसायची मारामार. पण रात्रीच्या कोकण रेल्वेने कुडाळला उतरलं की तारकर्ली जवळच आहे. तिथे एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, पूर्ण कोर्स शिकवणारी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच! फक्त महिने बघा. तिथला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये परीक्षा संपवून जाल तर उधाण बघून परत याल. दिवाळीची सुट्टी त्यासाठी बेस्ट.

तिथेही डोळे उघडे ठेवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर. लाईफ जॅकेट, बोटीचा परवाना आणि इन्स्ट्रक्टरचं कार्ड मागायला लाजू नका. आणि विमा काढताना डायव्हिंग त्यात बसतं का, किती खोलीपर्यंत, हे बारीक अक्षरांत शोधा. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ते बऱ्याचदा वगळलेलं असतं.

पुढचा टप्पा अंदमान. स्वराजद्वीपला (जुनं हॅवलॉक) भरपूर डाईव्ह करता येतात आणि आपल्याला कुठलाच व्हिसा लागत नाही. डोळ्यासमोर काही मोठं हवं असेल तर आंग्रिया बँक आहे. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर पश्चिमेला समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच २० मीटरवर आहे, म्हणजे १८ मीटरच्या सर्टिफिकेटवाल्याला तिथे टेकताही येणार नाही!

'पोरं वाया चालली' असं वाटणाऱ्या सरांना एक विनंती. रागावू नका, पण एक गैरसमज मात्र तुम्हीच दूर करा. या हौशी सर्टिफिकेटवर बॉम्बे हायला डायव्हरची नोकरी मिळत नाही, व्यावसायिक डायव्हिंगचं शिक्षण वेगळं असतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. दिवाळीत तारकर्लीला ओपन वॉटर, मग जमेल तेव्हा अंदमान. नोकरी लागल्यावर स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे, आणि मग ज्या देशात जायचं तिथला खऱ्या कारणाचा व्हिसा. सहा महिन्यांचा मागा, बिनधास्त मागा. तोवर वीस-पंचवीस डाईव्ह गाठीशी असतील, त्यामुळे तिथला पहिला महिना मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात जाणार नाही. आणि काउंटरवरच्या माणसाने "कशासाठी आलात?" विचारलं तर उत्तर पाठ करावं लागणार नाही.

बघा, पटतंय का!