एक घुबड गेले, एक शिंपला आला

१९१४ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडच्या साउथ कँटरबरी भागात एक 'हसरे घुबड' मेलेले सापडले. त्यानंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नाही. २०२३ च्या मे महिन्यात त्याच देशातल्या सर्वांत लांब नदीत, वायकाटोत, मूळचा पूर्व आशियातला सोनेरी शिंपला आढळला. घुबडासाठी आपण आज हळहळतो. शिंपल्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आमची काळजी नेमकी हीच आहे.

घुबड कसे गेले, ते पाहा. वसाहतवाल्यांनी ससे आणले. सशांनी कुरणे फस्त केली, तेव्हा उतारा म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणि फेरेट हे मुंगसासारखे शिकारी सोडण्यात आले. पक्षितज्ज्ञांनी तेव्हाच विरोध केला होता, तो कुणी जुमानला नाही. खडकांच्या कपारीत जमिनीलगत अंडी घालणाऱ्या या पक्ष्याला असल्या शत्रूची सवयच नव्हती.

शिंपल्याची गोष्ट उलट्या दिशेने धावते. तो उभयलिंगी आहे, स्वतःच स्वतःचे फलन करू शकतो; म्हणजे नवी नदी काबीज करायला एकच जीव पुरतो. त्याची वाळूच्या कणांएवढी पिल्ले बोटीत साचलेल्या पाण्यातून, ओल्या दोरांतून पुढच्या तळ्यात पोहोचतात. १९८० मध्ये अमेरिकेत आर्कान्सातील अणुवीज केंद्राचा एक संच याच शिंपल्यांनी नळ तुंबल्याने बंद करावा लागला होता. वायकाटोचा मूळ रहिवासी असलेला 'काकाही' हा देशी शिंपला मात्र अनेक दशके जगणारा, सावकाश वाढणारा. त्याच्या पिल्लांना माशाच्या अंगाला चिकटून राहिल्याशिवाय मोठे होताच येत नाही. या झुंजीत कोण मागे पडेल, हे उघड आहे.

महाराष्ट्राने हे परक्याचे दुखणे समजू नये. उजनी धरणातल्या जाळ्यांत आज चिलापी मासळी भरभरून येते. तीही बाहेरून आणलेली. जाळे भरले की आपण समाधानी होतो. त्यातून कोणते देशी मासे कमी झाले, हे विचारत नाही. नामशेष झालेल्यांची यादी आपण ठेवतो, फोफावलेल्यांचीही ठेवली पाहिजे. धरणात कुठलेही मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तिथल्या माशा-शिंपल्यांची पाहणी सक्तीची करा आणि तिचा अहवाल गावासमोर ठेवा. ही पाहणी या हंगामापासूनच सुरू झाली पाहिजे.