ग्रंथकाराचें दुकान

मराठी साहित्य संमेलनाच्या मंडपाशेजारीं ग्रंथप्रदर्शन भरतें. मोठ्या प्रकाशकांचे गाळे ओलांडून शेवटच्या रांगेकडे गेलें असतां तेथें एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. लहानशा मेजावर एकाच पुस्तकाच्या पन्नास प्रती रचलेल्या असतात, आणि त्यांमागें स्वतः ग्रंथकार लेखणी उघडून बसलेला असतो. कोणी पुस्तक उचलतो, पाठीमागील किंमत पाहतो व मुकाट्यानें खालीं ठेवतो. सरस्वतीच्या उपासकानें असें दुकान मांडावें काय, हा प्रश्न आमचे सुशिक्षित मित्र आम्हांस वारंवार विचारतात. आमचें उत्तर असें कीं, अवश्य मांडावें. लाज वाटावयाचीच तर ती दुसऱ्याच कोणास वाटली पाहिजे.

मराठी ग्रंथांस आश्रय कसा मिळेल, ही चिंता आजची नव्हे. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांनीं १८७८ सालीं पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली, तिच्याच परंपरेंतील ९७ वें संमेलन २०२४ च्या फेब्रुवारींत अमळनेरास, साने गुरुजी जेथें शिक्षक होते त्या गांवीं, झालें. दूरदेशींची स्थितीही निराळी नव्हती. अमेरिकेंतील थोरो याचें पहिलें पुस्तक १८४९ सालीं निघालें. हजारांपैकीं ७०६ प्रती प्रकाशकानें १८५३ सालीं त्याच्याकडे परत धाडल्या. त्यानें त्या स्वतःच्या पाठीवरून माडीवर नेल्या, आणि आपल्या संग्रहांतील सुमारें नऊशें ग्रंथांपैकीं सातशेंहून अधिक आपणच लिहिले आहेत, अशी नोंद रोजनिशींत केली. विनोद उत्तम खरा; पण छपाईचा खर्च त्याच्याच शिरावर होता!

आपल्याकडेही नवख्या कवीचा संग्रह पुष्कळदां पदरच्या पैशानेंच छापला जातो. दुकानदारामार्फत विकावयाचा म्हटल्यास छापील किमतीचा तिसरा हिस्सा, कधीं त्याहूनही अधिक, त्यास द्यावा लागतो. मेजामागें बसणाऱ्याचा तो हिस्सा वांचतो, परंतु गाळ्याचें व गाडीचें भाडें पदरीं येतें. दोनशें रुपयांच्या वीस प्रती खपल्या तर हातीं चार हजार रुपये; त्यांतून हें सर्व वजा जावयाचें.

आणि अशा वेळीं एक परिचित गृहस्थ येतात, तोंड भरून अभिनंदन करितात, प्रत उचलून म्हणतात, "आम्हांला सही करून द्या बरें!" पैशाचें नांव निघत नाहीं. हेच गृहस्थ बाहेर वडापावाचे पैसे बिनतक्रार मोजतात. अशा भेटप्रतींची पुढील हकीकत पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत पाहावयास सांपडते: पहिल्या पानावर 'सप्रेम भेट', खालीं सही व तारीख, आणि आंतील पानें करकरीत कोरीं.

आमचे विद्यार्थी सहीसाठीं वह्या घेऊन धांवतात, त्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. परंतु कोऱ्या कागदावरील सही ती केवळ नांवाची, आणि पुस्तकावरील सही ती वाचकाची. ग्रंथकार जेव्हां मान वर करून "नांव काय? कितवींत आहांस?" असें विचारतो, तेव्हां आपलें पुस्तक कोणाच्या घरीं चाललें आहे हें त्यास प्रथमच दिसतें. प्रकाशकाकडून येणाऱ्या हिशोबांत केवळ आंकडे असतात.

तथापि दयेपोटीं पुस्तक घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्याची बाही ओढणारे ग्रंथकारही आम्हीं पाहिले आहेत. त्यांना दुरूनच नमस्कार करावा. उभ्या उभ्या दोन पानें वाचावीं, न आवडल्यास पुस्तक परत ठेवावें. प्रामाणिक नकारानें ग्रंथकार दुखावतो, पण तो बुडत नाहीं. बुडतो तो फुकट्या कौतुकानें.

शाळांचीं ग्रंथालयेंही 'विद्यार्थ्यांच्या हितासाठीं' भेटप्रती मागत असतात. ही चाल आमच्या मतें बंद व्हावी. ग्रंथालयाच्या वार्षिक रकमेंतील थोडा भाग प्रदर्शनांतील त्या शेवटच्या रांगेसाठीं राखून ठेवावा, खरेदीस वरच्या वर्गांतील दोन विद्यार्थी व दोन विद्यार्थिनी यांस पाठवावें, निवड त्यांचीच असावी, आणि नोंदवहींत त्या पुस्तकांपुढें पूर्ण किंमत लिहिली जावी.