दोष नेहमी बॅटरीचाच नसतो



डिझेलची फोर-व्हील ड्राइव्ह जीप अधूनमधून सुरू होत नसेल, तर सरळ बॅटरी बदलावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला वाचकांना नाहक खर्चात पाडणारा आहे.

स्टार्टर नुसता ‘टक्’ करून थांबतो, की इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नाही, हे आधी पाहायला हवे.

पहिल्या प्रकारात मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊखाली घसरला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. आकडा टिकला, तर टर्मिनल, अर्थिंगची केबल आणि सोलेनॉइड तपासावेत.

दुसऱ्या प्रकारात, रात्रभर उभी गाडी सकाळीच अडत असेल, तर हीटर प्लग पाहावेत. डिझेलच्या पाइपात हवा शिरते का, हेही तपासावे. तिथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात.

– एक वाचक