पिसवांच्या डीएनएमधून प्लेगची चाहूल कशी लागते? आणि एकच चाचणी पुरेशी का नाही?

पूर्वी प्लेगची पहिली खबर उंदीर देत. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाला चावतात आणि 'येर्सिनिया पेस्टिस' हा जिवाणू त्याच्या शरीरात सोडतात. आज उंदीर मरण्याआधीच पिसवांमध्ये हा जिवाणू शोधता येतो.

सोलापूरला याचं काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने सोलापूरही हादरलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. लाखो लोकांनी सुरत सोडली, काही देशांनी भारताची विमानसेवा थांबवली. तरीही 'हा प्लेगच होता का?' हा वाद काही वर्षं चालला. २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीत मिळालेल्या जिवाणूंचा डीएनए तपासून तो प्लेगच असल्याचं दाखवलं.

तपासणी कशी होते?

उंदीर पिंजऱ्यात पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून काढतात. बाहेरचे जंतू जावेत म्हणून त्या अल्कोहोलने धुतात आणि मग चिरडतात. रसायनांनी पेशी फोडून डीएनए वेगळा करतात. पिसवेच्या पोटातलं रक्त पीसीआर चाचणीत अडथळा आणतं, म्हणून हा डीएनए स्वच्छ करावा लागतो. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत जिवाणूच्या जनुकाच्या प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून जास्त प्रती होऊ शकतात.

मग अडचण काय?

प्लेगसाठी 'पीएलए' हे जनुक शोधतात. पण तसंच जनुक उंदरांमधल्या इतर काही जिवाणूंतही सापडलं आहे. त्यामुळे एका जनुकावरून प्लेग जाहीर करणं धोक्याचं असतं. शिवाय जिवाणू जिवंत आहे की मेलेला, हे पीसीआर सांगत नाही. म्हणून दोन-तीन जनुकं तपासून, शक्य तिथे जिवाणू वाढवून खात्री करावी लागते.

भारतातली अलीकडची नोंदलेली साथ २००४ मधली, उत्तरकाशीतली. प्लेगवर अँटिबायोटिक्स आहेत, पण ती वेळेत द्यावी लागतात. निदान उशिरा झालं तर जीव जातात, चुकीचं झालं तर सुरतेसारखी पळापळ होते. बार्शीसारख्या धान्याच्या बाजारपेठा असलेल्या जिल्ह्यात साथ नसतानाही उंदीर आणि पिसवांवर लक्ष ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं आहे.